ऊन, बाळ आणि वळणीवरचे लंगोट

परवा शेजारची सून बाळाला घेऊन आमच्या ओटीवर आली. दोन महिन्यांचं पोर, नुकतीच माहेरून आलेली. बसल्या बसल्या तिनं विचारलं, "ताई, एवढा उकाडा आहे, ह्याला चमचाभर पाणी पाजलं तर चालेल का हो? आई म्हणते पाज, डॉक्टर म्हणतात नको."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आतून सासूबाईंचा आवाज आला, "आधी तिला विचार, पोर दिवसातून किती वेळा लघवी करतं ते."

मी गप्पच झाले. कारण हा प्रश्न आमच्या घरात कुठून आला आणि त्याची काय किंमत मोजावी लागली, ते आम्हा दोघींनाच ठाऊक.

कोकण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे समुद्र, माडाच्या बागा आणि गार वारा येतो. आमचं कुंभिवली कोकणातच, पण खालापूर तालुक्यातलं, समुद्रापासून आत आणि घाटाच्या पायथ्याशी. वारा पडलेला, पाठीशी डोंगर, आणि हवेत दमटपणा मात्र कोकणाचाच. विदर्भातल्या मैत्रिणी वाळ्याचे पडदे भिजवतात, कूलर लावतात, त्यांना त्याचा गारवा मिळतो. आमच्याकडे घामच वाळत नाही, तर पडदा काय वाळणार? आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला २०१७ च्या मार्चअखेरीस पारा ४६.५ अंशांवर गेला होता. अजून एप्रिल उजाडायचा होता!

तर गोष्ट २०१६ च्या मे महिन्यातली. माझा मुलगा तेव्हा साडेचार महिन्यांचा. पहिलंच मूल, त्यामुळे मी जरा जास्तच शहाणी. बी.ए. झालेली, बालसंगोपनाची दोन पुस्तकं वाचलेली. ह्यांच्या चुलत बहिणीचं लग्न कर्जतच्या बाजूला एका गावात होतं. बाळाचं पहिलंच कार्य, सगळे नातेवाईक त्याला बघायला उत्सुक. सकाळी सातला त्याला पाजलं, न्हाऊ-माखू घातलं आणि साडेनऊला आम्ही मोटारसायकलवर निघालो. खोपोलीवरून पळसदरीमार्गे तासाभराचा रस्ता.

बाळाला काय काय घातलं होतं ते आज आठवलं तरी मला घाम फुटतो. अंगात झबलं, त्यावर लोकरीचं नाही तरी जाड स्वेटरवजा काहीतरी, पायांत मोजे, हातांत पिशव्या, डोक्यावर टोपरं, वरून जरीची कुंची. त्यावर सासूबाईंनी एक गडद निळी शाल गुंडाळली. "ऊन लागायला नको पोराला, आणि कुणाची नजरही." मीही काही बोलले नाही. ऊन लागू नये म्हणजे झाकायचं, हे मलाही पटलेलंच होतं. शिवाय प्रवासात त्रास नको म्हणून डायपर बांधला होता.

रस्त्यात तो थोडा कुरकुरला, मग झोपला. मांडवात पोहोचलो तरी झोपलेलाच. रंगीत कापडाचा मांडव, त्याच्या कडेला पत्र्याची शेड, आत दोन-तीनशे माणसं, आणि पंखे होते ते नवरा-नवरीच्या बाजूला. बायका येत होत्या, कुंचीतलं तोंड बघून बोटं मोडत होत्या. "किती गुणी बाळ गं तुझं! एवढ्या गडबडीत कसं शांत निजलंय!" मीही अभिमानानं सांगत होते, "सकाळपासून आवाज नाही."

मध्ये एकदा त्यानं चुळबुळ केली होती. पाजावं असं मनात आलंही होतं. पण बायकांच्या खोलीत पुरुषांची ये-जा चालली होती, कुठे पदर घेऊन बसायचं? मी नवी सून, सगळ्यांच्या नजरा. म्हटलं, झोपलाय तर झोपू दे, अक्षता पडल्या की पाजू. ह्या "अक्षता पडल्या की"मध्ये दीड वाजला.

ह्यांच्या एक मावशी अंगणवाडी सेविका होत्या. त्या बाळाला बघायला आल्या. तोंड बघून त्या इतरांसारख्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कधीपासून निजलाय हा?"

"सकाळपासून. अगदी गुणी आहे."

"आणि लघवी कधी केली?"

मला उत्तर देता येईना. डायपर होता ना! त्यातून काही बाहेर आलं नाही, ह्यातच मी समाधानी. मावशींनी तिथंच कुंची सोडली, शाल बाजूला फेकली, डायपर उघडला. सकाळी बांधताना जसा होता तसाच, कोरडा ठणठणीत. अंग तव्यासारखं तापलेलं. डोक्यावरची टाळू आत गेलेली. जीभ कोरडी. मी हाक मारली, गालाला हात लावला, तर डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. मावशींनी त्याला उघडं करून आंब्याखालच्या बाजेवर ठेवलं. साध्या पाण्यात मलमलचा पंचा भिजवून अंग पुसत राहिल्या आणि कुणाला तरी सुपानं वारा घालायला लावलं. कुणीतरी बर्फाची लादी फोडून खडे आणले, ते त्यांनी परत पाठवले. कुणी चमच्यानं पाणी पाजायला धावलं, त्यांनाही हटकलं. अर्धवट शुद्धीतल्या पोराच्या तोंडात काही ओतू नये, ते श्वासात जातं. माझ्या पर्समध्ये तापाच्या औषधाचे थेंब होते, ते मी काढले तेव्हा म्हणाल्या, "हा त्यातला ताप नाही. चल, गाडी बघ." कुणाची तरी जीप निघाली. सगळ्या काचा उघड्या टाकून आम्ही कर्जत गाठलं. वाटेत मावशी ओलं फडकं फिरवत होत्या आणि मी त्याला छातीशी धरून बसले होते. स्टेशनजवळ आल्यावर त्यानं पहिल्यांदा ओठ हलवले.

दवाखान्यात सलाईन लागलं. रात्री आठच्या सुमाराला त्यानं लघवी केली. खोटं वाटेल, पण त्याच्या पहिल्या हसण्यानंसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.

तिथल्या डॉक्टरांनी मला शांतपणे समजावलं. लहान बाळाचं वजन कमी, पण त्या मानानं अंगाची कातडी जास्त, त्यामुळे बाहेरची उष्णता ते मोठ्या माणसापेक्षा भरभर शोषून घेतं. घाम येऊन अंग थंड करण्याची त्याची ताकद अजून पुरती तयार नसते. अंगावरचं काढून टाकता येत नाही, सावलीत सरकता येत नाही, पाणी मागता येत नाही. रडणं एवढंच त्याच्या हाती असतं, आणि उष्णता फार झाली की तेही बंद होतं. "रडणाऱ्या पोराला घेऊन आया वेळेवर येतात," ते म्हणाले, "गप्प झालेल्याला उशिरा आणतात."

त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात सासूबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. मी मनातून त्यांच्यावर धुमसत होते, हे खरं आहे. ती शाल, ती कुंची! बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या आपणहून म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक मुलगी होती."

मला हे माहीत नव्हतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

आमच्याकडे भाताच्या रोपासाठी पावसाआधी जमीन भाजतात. पाला-पाचोळा, कवळं, शेण पसरून पेटवायचं, त्याला राब म्हणतात. ऐन उन्हाळ्यातलं काम. सासूबाई राबाला गेल्या होत्या. पोर चार-पाच महिन्यांचं, झाडाला झोळी बांधून त्यात निजवलेलं. सकाळी झोळी गर्द सावलीत होती. "सावली सरकते हे मला ठाऊक नव्हतं का गं? पण पाला पसरायचा राहिला होता. पोर रडत नव्हतं, म्हटलं निजलंय." दुपारी भाकरी खायला आल्या तेव्हा झोळीवर ऊन आलं होतं. किती वेळ आलं होतं, कोण सांगणार?

तेव्हापासून त्या प्रत्येक पोराला उन्हापासून झाकत आल्या होत्या. माझ्या नवऱ्याला, नणंदेला, आणि आता माझ्या मुलाला. मी ज्याला अडाणीपणा समजत होते त्याच्या तळाशी काय होतं, ते त्या रात्री कळलं. आणि त्यांनाही कळलं, की झाकण्यानंसुद्धा तेच होऊ शकतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि म्हणाल्या, "बघ जरा, पुन्हा ओलं केलं का त्यानं."

मुलगा आता चांगला दांडगा झाला आहे, उन्हातच क्रिकेट खेळतो. पण ह्या घटनेनंतर आमच्या घरातले उन्हाळ्याचे नियम बदलले. मी डॉक्टर नाही, तरी ते सांगते.

मोजणी पहिली. तान्हं बाळ दिवसातून निदान सहा वेळा तरी लंगोट ओलं करतं का, हे बघायचं. डायपर बाहेर जाताना ठीक, पण घरात उन्हाळाभर सुती लंगोटच. एक तर घामोळं कमी होतं, आणि दुसरं म्हणजे संध्याकाळी वळणीवर किती लंगोट वाळतायत ते मोजता येतं. डायपर बांधलाच तर दर दोन-तीन तासांनी उघडून बघायचा. गळला नाही म्हणून खुश व्हायचं नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, हे डॉक्टर सांगतात ते अगदी खरं. आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. उन्हाळ्यात त्याला जास्त वेळा पाजायचं, आणि पाणी, ताक, सरबत आईनं प्यायचं. आमच्याकडे बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत आहे, "पोट सुटेल" म्हणून. बंद खोली, शेक-शेगडी, धुरी, डोक्याला फडकं, आणि हे सगळं मे महिन्यात! थंडीच्या दिवसांत जे सुखाचं, ते उन्हाळ्यात आई आणि बाळ दोघांनाही जाच आहे. ह्यावर घरातल्या थोरांशी वाद घालावा लागला तरी तो घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि चारचौघांत पाजायची लाज? ती माझ्या पोराच्या जिवावर बेतली होती. आता कुठल्याही कार्याला गेले, की कुणी तान्हं बाळ घेऊन आलेली दिसली तर तिला आधी आडोशाची जागा शोधून देते, मग आहेराचं बघते.

कपडे म्हणजे एक पातळ सुती झबलं, बस्स. जुन्या धुतलेल्या लुगड्याचं दुपटं सगळ्यात उत्तम. बाहेर पडावंच लागलं तर सकाळी दहाच्या आत किंवा ऊन कलल्यावर. डोक्यावर सैल टोपी किंवा छत्री, तोंडावर कापड टाकायचं नाही. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून चादर टाकणाऱ्या मैत्रिणी मी बघते. आत हवा खेळत नाही, पाळण्याची भट्टी होते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचंही तेच. दहा मिनिटांत आतली उष्णता दहा अंशांनी चढते. "आत्ता येते, दूध घेऊन" म्हणून मुलाला आत ठेवून जाणं मुळीच नाही, काच थोडी उघडी ठेवून तर नाहीच नाही. मोटारसायकलच्या टाकीवर पोराला बसवण्याआधी टाकीला आपला हात लावून बघावा.

घामोळ्यांवर पावडरचे थर देऊ नयेत. घामात भिजून ती भोकं बुजवते, आणि तिची धूळ बाळाच्या छातीत जाते. साध्या पाण्यानं दोनदा अंघोळ आणि सैल कपडा, एवढं पुरतं. तेल लावलंच तर अंघोळीत नीट निघायला हवं.

पत्र्याच्या घरात किंवा इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पाळणा कुठे आहे ते बघावं. अहमदाबादला २०१० साली उन्हाची मोठी लाट आली. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवला, आणि नवजात बाळांना उष्णतेचा त्रास होण्याचं प्रमाण खूप कमी झालं. औषध नाही, यंत्र नाही, नुसता मजला बदलला. पुढे २०१३ साली त्या शहरानं उन्हाळ्यासाठी आराखडाच तयार केला, देशातला पहिला. आमच्या पडवीवर पत्रे आहेत. आम्ही दर मार्चला त्यावर चुना मारतो आणि पाळणा मधल्या खोलीत, दुपारी जमिनीलगत.

"पण बाळाला ऊन दाखवायला हवं ना?" हा हमखास प्रश्न. कोवळं ऊन हवंच, पण कोवळं. कावीळ झालेल्या नवजात बाळाला उन्हात ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे, आणि गंमत म्हणजे त्यामागचं शास्त्र इंग्लंडमधल्या एका परिचारिकेनं जगाला दाखवलं. एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ च्या सुमाराला जीन वॉर्ड ही सिस्टर कमी दिवसांच्या बाळांना बाहेर उन्हात नेत असे. एका बाळाचं अंग फिकं झालं, पण चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला भाग पिवळाच राहिला, हे तिनं डॉक्टरांना दाखवलं. त्यातूनच आजची निळ्या दिव्यांखाली ठेवायची पद्धत आली. म्हणजे आता त्या कामाला दिवे आहेत. कावीळ असलेल्या बाळाला अंगणात भाजत बसू नये, दवाखान्यात न्यावं.

मोठ्या मुलांचं वेगळं. ती उन्हात धावतात आणि तहान लागल्याचं खेळ संपल्यावर आठवतं. तहानेची वाट न बघता तासातासाला घोटभर द्यावं. पाणी, पन्हं, कोकम सरबत, मीठ घातलेलं ताक. बर्फाचा गोळा आणि रंगीत बाटल्या ह्यांची गणती पाण्यात होत नाही. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं तर ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी असल्याच साध्या मिश्रणानं कितीतरी जीव वाचवले. दुकानात मात्र पाकीट नीट वाचून घ्या. कित्येक वर्षं नुसती गोड सरबतं नावात "ओआरएस" लावून विकली जात होती. अखेर २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते बंद करायचा आदेश काढला. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी कित्येक वर्षं झगडत होत्या.

शाळेचंही सांगायला हवं, कारण मी अर्धा दिवस शिकवते. २०२५ च्या मार्चमध्ये सकाळी सात ते सव्वा अकरा अशी प्राथमिक शाळांची वेळ ठरवून दिली गेली. चांगलंच झालं. पण सव्वा अकराला सुटलेलं पहिलीतलं पोर दोन-तीन किलोमीटर चालत घरी जातं, ते कुठल्या उन्हात? मी मुलांना निघताना बाटल्या भरून घ्यायला लावते आणि फाटकाशी उभी राहून प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी आहे का बघते. रुमाल ओला करून बांधला तरी चालतो. खिशात कांदा ठेवणारीही आहेत. ठेवू देत, त्यानं अपाय नाही, पण कांदा आहे म्हणून पाणी सुटायला नको.

"३८ अंश म्हणजे काही फार नाही," असं म्हणणाऱ्यांना मी खारघरची आठवण देते. १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो माणसं भर दुपारी उघड्या मैदानावर बसली होती. पारा अडतिसाच्या आसपासच होता, पण दमट हवा आणि सावली नाही. चौदा माणसं गेली, सगळी मोठी. आमच्या भागातूनही कितीतरी जण गेले होते. त्यांच्यातल्या एकीनं मला सांगितलं, की मध्येच घाम यायचा थांबला आणि बरं वाटायला लागलं, तेव्हाच ती खाली बसली. ते "बरं वाटणं" मी दवाखान्याच्या वाटेवर माझ्या पोराच्या तोंडावर बघितलं होतं. अंग तापलेलं आणि माणूस सुस्त, असं दिसलं की सावली, कपडे सैल, साधं पाणी अंगावर, वारा आणि लगेच १०८ ला फोन किंवा जी मिळेल ती गाडी.

तर शेजारच्या सुनेला मी हे सगळं सांगत बसले, आणि ती बिचारी मान हलवत होती. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात जुन्या पातळाचे फाडून शिवलेले आठ लंगोट होते. कधी शिवून ठेवले होते कोण जाणे.

"हे घे," त्या तिला म्हणाल्या. "संध्याकाळी वळणीवर किती झाले ते मला इथूनच दिसतं. पण तरी येऊन सांगून जा."

त्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं, की त्या ओटीच्या कठड्याशी बसतात. शेजारच्या अंगणात जांभळाखाली पाळणा असतो. दर थोड्या वेळानं त्यांची हाक येते, "अगं ए, पाळणा हलव, सावली सरकली!"